खाणीकाठची वस्ती : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

इयत्ता तिसरी ते पाचवीच्या परिसर-अभ्यासात 'आपले गाव' हा घटक शिकविताना आपण फळ्यावर जे गाव काढतो, त्यात बहुधा वेशीवर मारुतीचे देऊळ, मध्ये पार, एका अंगास ओढा आणि सभोवार शेते असतात. बहुसंख्य मुलांना हे चित्र ओळखीचे असते. परंतु पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कित्येक शाळांत अशी मुले बसलेली असतात की, ज्यांच्या गावास वेस नाही, पार नाही आणि ओढ्याच्या जागी दगड काढून झालेला खोल खड्डा आहे. शिक्षकाने 'तुमच्या गावाचे नाव काय?' असे विचारले म्हणजे ही मुले खडी केंद्राच्या मालकाचे आडनाव सांगतात, कारण त्यांच्या वस्तीस दुसरे नाव नसते. अशा मुलांस समोर ठेवून हा घटक कसा शिकवावा व त्या निमित्ताने त्यांच्या जीवनाची माहिती शिक्षकांनी कशी करून घ्यावी, याविषयी काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

आपल्या जिल्ह्यात 'दुर्गम' हा शब्द उच्चारला की, खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील भीमाशंकरच्या पायथ्याची भोरगिरीसारखी गावे डोळ्यांपुढे येतात. तेथील पाऊस, चढउतार आणि अंतर यांमुळे ते योग्यच आहे. तथापि पुणे-नाशिक महामार्गापासून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेली, रात्री कारखान्यांच्या दिव्यांच्या उजेडात दिसणारी खाणकामगारांची वस्ती पुष्कळदा त्याहून अधिक दुर्गम असते. भोरगिरीच्या मुलाचे नाव गावच्या नोंदीत असते, त्याला आजोबांचे घर असते, त्याच्या आजारपणाची वार्ता गावभर पसरते. खाणीवरील मूल जन्मते एका तालुक्यात, चालू लागते दुसऱ्यात आणि शाळेच्या वयाचे होते तिसऱ्यात. त्याची नोंद कोणत्याच गावास आपली वाटत नाही. अंतर रस्त्याने कमी होते. हे दुसऱ्या प्रकारचे दूरपण कमी करण्याचे साधन मुख्यतः शाळेच्या हाती आहे.

दगड आणि त्यावर जगणारे लोक

पाठाचा आरंभ दगडापासूनच करावा, कारण या विषयात खाणीवरील मूल वर्गातील इतर मुलांच्या पुढे असते. आपल्या पायांखालचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडून थरावर थर साचले व त्यांतून दख्खनचे पठार बनले. डोंगराच्या उतारावर ज्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या होत. याच कातळात दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी मावळातील भाजे व कार्ले येथील लेणी कोरली. मुलांना हे सांगताना एवढे अवश्य सांगावे की, लेण्यांचे छत प्रथम कोरले जाई व मग खाली उतरत जमीन गाठली जाई. वरून खाली काम करण्याची ही रीत त्यांच्या बापाच्या खाणीतही तीच आहे.

लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि कालांतराने त्यांत स्फटिक वाढतात. खाणीवरची मुले हे पांढरे, गुलाबी, हिरवट खडे खिशात घेऊन हिंडतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट ही त्यांची शास्त्रीय नावे होत. पुण्याच्या पूर्वेस वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नावाचे गडद निळे खनिज मिळाले. त्याच्या नावात कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिन्ही घटकांची अक्षरे आहेत. ते प्रथम अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात आढळले; परंतु जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जे देखणे नमुने मांडलेले असतात ते बहुतांशी वाघोलीचे. नाशिकच्या वाटेवर सिन्नर येथे 'गारगोटी' हे खनिजांचे संग्रहालय आहे. सहलीचा बेत आखताना ते ध्यानात ठेवावे. शाळेच्या कपाटात एक खोका रिकामा करून त्यात मुलांनी आणलेले खडे, आणणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून, मांडून ठेवावेत. ज्या मुलाकडे वर्गास दाखविण्यासारखे आजवर काहीच नव्हते, त्याच्या नावाची चिठ्ठी कपाटात लागते, हा यातील मोठा लाभ होय.

दगडाच्या कामाशी आपल्याकडे वडार समाजाचे नाव जोडलेले आहे. माती वडार, गाडी वडार व जाते वडार असे त्यांचे व्यवसायावरून पडलेले भेद आहेत. मातीकाम करणारे, गाड्यावर दगड वाहणारे आणि जाती-पाटे घडविणारे असा त्यांचा साधारण अर्थ. विहिरी, ताली, धरणे, रेल्वेचे रस्ते यांत या लोकांचे श्रम गेले. विजेच्या चक्क्या आल्या, जात्यांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा टाकी-हातोडी ठेवून पुष्कळांनी सुतकी व पहार हाती घेतली आणि ते खडी फोडू लागले. पुढे खडीचे यंत्र आले व हाताने खडी फोडणेही संपत आले. आता पोकलेन, डंपर आणि क्रशर यांच्याभोवती जे थोडे काम उरते ते करण्यास मराठवाडा व विदर्भ येथील कोरडवाहू भागांतून, कर्नाटक, तेलंगण व आंध्रातून, तसेच उत्तरेकडील राज्यांतून कुटुंबे येतात. त्यांत सर्वच वडार नसतात; बंजारा असतात, भूमिहीन मजूर असतात. म्हणून 'खाणीवरचा म्हणजे वडार' असे वर्गात सरसकट बोलणे चुकीचे आहे व ते मुलास लागतेही.

ही खडी जाते कोठे, हा प्रश्न मुलांपुढे टाकावा. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-आकुर्डीचा माळ कारखान्यांनी भरला. नंतर उद्योग इंद्रायणी ओलांडून चाकणकडे गेले. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ मध्ये सुरू झाला. प्रत्येक कारखान्याचा पाया, प्रत्येक इमारतीचे काँक्रीट व प्रत्येक रस्त्याचा थर म्हणजे कोठल्या तरी टेकडीचा अथवा माळाचा दगड होय. ज्याच्या बापाने तो काढला, त्या मुलास ही साखळी फळ्यावर बाणांनी काढावयास लावावी. एका शाळेच्या तपासणीच्या वेळी हा पाठ चालू असता एका मुलीने बाणांच्या शेवटी कारखाना न काढता शाळेची इमारत काढली होती. शिक्षकाने तिला खोडावयास सांगितले नाही, हे मला विशेष आवडले.

गणित

खाणीवर मोजमापाचे एकक ब्रास हे आहे. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. सरकारास द्यावयाचे गौण खनिजाचे स्वामित्वधनही ब्रासवरच आकारले जाते. पाचवीच्या घनफळाच्या धड्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व एक फूट उंच असा चौकोन शाळेच्या अंगणात फक्कीने आखून दाखवावा व तो एक फूट भरला तर एक ब्रास खडी होईल हे सांगावे. नंतर डंपरच्या हौद्याचे गणित घालावे. हौदा १६ फूट लांब, ७ फूट रुंद व ४ फूट उंच असल्यास त्यात ४४८ घनफूट, म्हणजे सुमारे साडेचार ब्रास माल मावतो. माझ्या पाहण्यात अकरा वर्षांची एक मुलगी आली, जिला सदतीस हा आकडा वाचता येत नव्हता. पण ढिगाकडे पाहून ती 'तीन ब्रास हाय, कमी भरंल' असे सांगत असे आणि ते बहुधा खरे ठरे. अशा मुलीस पहिलीच्या मण्यांपासून प्रारंभ करावयास लावणे म्हणजे तिच्या ज्ञानाचा अवमान होय. तिला आकडे लिहिण्याची लिपी शिकवावयाची आहे. संख्या तिला ठाऊक आहेत.

दुसरे गणित उचलीचे. येथे शिक्षकाने सावधपणे चालावे. कामावर येण्यापूर्वी कुटुंब मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते व ती मजुरीतून वळती होते. समजा, उचल २४,००० रुपये आहे व आठवड्यास ५०० रुपये कापले जातात. तर ती ४८ आठवड्यांत फिटावयास हवी. १२ आठवड्यांनी ६,००० फिटून १८,००० उरले. याच वेळी घरात आजारपण आले व आणखी ६,००० घ्यावे लागले, म्हणजे बाकी पुन्हा २४,०००. तीन महिन्यांचे कष्ट झाले आणि कुटुंब होते तेथेच उभे. हे उदाहरण काल्पनिक नावांनी घालावे; कोणत्याही मुलास 'तुझ्या बापाची उचल किती?' असे वर्गात विचारू नये. परंतु वहीतील जमा, नावे व बाकी हे तीन शब्द मुलास वाचता येऊ लागले की, त्याचे मोल घरात कळते. उचलीच्या जोरावर माणसास काम सोडून जाऊ न देणे हे वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ अन्वये गुन्हा आहे. हरियाणातील फरीदाबादच्या दगडखाणींतील मजुरांसंबंधी 'बंधुआ मुक्ती मोर्चा' या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निर्णय देऊन हा कायदा खाणमजुरांस लागू करून दाखविला. शिक्षकास ही माहिती असावी. ती कोठे व केव्हा उपयोगास आणावयाची, हे त्याने मुख्याध्यापक व केंद्रप्रमुखांशी विचारविनिमय करून ठरवावे.

धूळ, सुरुंग आणि पाणी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा मानून त्यास किमान तीन तासिका द्याव्यात.

धुळीचा प्रयोग सोपा आहे. दोन पांढऱ्या कागदांवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवून एक खडीच्या रस्त्याकडील खिडकीत व दुसरा शाळेच्या मागील बाजूस ठेवावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद भिंगातून पाहावेत. जी धूळ डोळ्यांस दिसते ती नाकात व घशात अडते. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते. सिलिकायुक्त धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस होतो, तो औषधाने बरा होत नाही आणि अशा फुप्फुसात क्षयरोग सहज शिरतो. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्या मुलास, तसेच त्याच्या घरी कोणी तसे खोकत असल्यास त्यासही, प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीच्या तपासणीसाठी धाडावे. ती तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. शाळेत कोरडा झाडू मारण्याऐवजी पाणी शिंपडून झाडावे अथवा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. तोंडास साधा रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही, हेही मुलांस स्पष्ट सांगावे; रुमालाच्या भरवशावर मुले धुरळ्यात अधिक वेळ राहतात.

सुरुंगापासून विज्ञानाचा एक पाठ आपोआप मिळतो. उच्च प्राथमिक वर्गांनी शाळेच्या ओट्यावरून, दूर अंतरावरून, धुरळा उठलेला पाहताच एक, दोन, तीन असे सेकंद मोजावेत. ध्वनी हवेत सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. तीन सेकंदांनी आवाज आला तर सुरुंग सुमारे १,०२० मीटरवर उडाला. पायांखालची जमीन मात्र त्याआधीच हादरते, कारण कंप हवेपेक्षा कातळातून पुष्कळ वेगाने येतो. हे कळल्यावर मूल सुरुंगास भिण्याऐवजी त्याचे अंतर मोजू लागते. मात्र भीती जेथे हवी तेथे ती राहिलीच पाहिजे. भोंगा झाल्यावर खाणीकडे तोंड करून धावू नये. दगडांत सापडलेली तारेची चकाकती नळी ही न फुटलेली टोपी असू शकते. ती उचलू नये, ठेचू नये, तार ओढू नये, जागेवर खूण करून मोठ्या माणसास सांगावे. नळीचे चित्र फळ्यावर मोठे काढावे. प्रत्यक्ष नळी वर्गात आणण्याचा मोह कोणत्याही शिक्षकाने धरू नये.

पाण्याविषयी अधिक लिहिणे भाग आहे. मोशी व तिच्या आसपास, तसेच वाघोली, भावडी, लोणीकंद या बाजूस दगड काढून झालेले प्रचंड खड्डे आहेत. काम थांबले की पावसाचे व झऱ्यांचे पाणी साचून त्यांचे तळे होते. उन्हाळ्यात वस्तीवर पाण्याचा टँकर उशिरा येतो, तेव्हा बायका तेथेच धुणे नेतात आणि मुले पोहावयास उतरतात. नदी व खाण यांतील भेद मुलांस कळत नाही व तोच जीवघेणा ठरतो. नदीचा काठ उतरता असतो. पाऊल टाकीत टाकीत खोली वाढते. खाणीची भिंत उभी तासलेली असते. काठावर घोट्याइतके पाणी व पुढच्या पावलास पन्नास फूट, असे होते. बाहेर येण्यास ओला, गुळगुळीत कातळ धरता येत नाही. तळाशी टाकून दिलेल्या तारा व दगड असतात. हा भेद मातीच्या दोन परातींत दाखवावा. एकीत उतरता काठ करावा, दुसरीत उभा, आणि दोन्हींत पाणी ओतून काडीची बाहुली काठाने चालवावी. कोणी बुडू लागल्यास मागोमाग उडी न टाकता साडी, दोर अथवा बूच लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि ओरडून माणसे बोलवावीत, ही कृती अंगणात प्रत्यक्ष करून घ्यावी. एकामागून एक भावंडे बुडण्याचे प्रसंग असेच घडतात. या पाठास मुलांच्या आयांना बोलाविता आल्यास उत्तम.

भाषा

या मुलांपैकी कित्येकांच्या घरी मराठी नसते. वडारी बोलीचे तेलुगूशी नाते आहे, बंजारा कुटुंबांत गोरबोली, इतरत्र कन्नड वा हिंदी. मूल वर्गात गप्प बसते याचा अर्थ ते मंद आहे असा शिक्षकाने करू नये. फळ्यावर एका वस्तूचे अनेक शब्द लिहावेत. दगड, हिंदीत पत्थर, तेलुगूत रायी, कन्नडमध्ये कल्लु. पाणी, तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु, आणि आपल्या जुन्या कवितेत नीर. हे ऐकून मराठी मुलेही चकित होतात. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळाच अंगणात व गुरे चरणाऱ्या कुरणात नेली, हे आपण अध्यापक विद्यालयात शिकलो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींवर 'संतुलन' या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस पाषाणशाळा काढल्या, त्याही याच वाटेने. मुलाच्या दाराशी शाळा नेणे नेहमी शक्य होत नाही. त्याची भाषा शाळेत आणणे मात्र एका खडूत होते.

दाखल्याविषयी

पाठ कितीही चांगला घेतला तरी मूल पटावर नसेल तर व्यर्थ. खाणीवरील कुटुंबे दिवाळीनंतर येतात व पावसाच्या तोंडी परततात; आपले प्रवेश मात्र जूनमध्ये होतात. या विसंगतीमुळे 'आता पुढील वर्षी या' असे उत्तर अद्यापही काही ठिकाणी दिले जाते. ते कायद्यास धरून नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून व कलम १५ प्रमाणे मुदत टळली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे मुलास त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावयाचे आहे व मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढावयाचा आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे.

आपल्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. इंद्रायणीपलीकडे चिंबळी, कुरुळी ही गावे खेड तालुक्यात व जिल्हा परिषदेकडे आहेत. ठेकेदाराचे काम नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेले की, मुलाची शाळा एका प्रशासनातून दुसऱ्यात जाते. दोन्ही बाजूंचे शिक्षक एकमेकांस ओळखत नसल्यास मूल मध्येच गळते. ज्या शाळांच्या हद्दीत खाणी आहेत त्यांच्या मुख्याध्यापकांनी पलीकडील शाळेच्या मुख्याध्यापकांचा दूरध्वनी क्रमांक हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पाहणी करताना खाणीच्या आत मात्र मुलांस नेऊ नये व तेथे ती काम करीत अगर खेळत आढळल्यास दुर्लक्ष करू नये. अठरा वर्षांखालील व्यक्तीस खाणीत कामास लावणे कायद्याने वर्ज्य आहे. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी थोरली बहीण खाणीच्या कडेस बसून राहते, ती याच कारणाने शाळेत येत नाही. अशा वेळी त्या धाकट्यास अंगणवाडीत घालण्याची खटपट केल्याखेरीज थोरलीचे नाव पटावर टिकत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

कुटुंब गाव सोडणार असे कळताच, दाखल्याच्या अर्जाची वाट न पाहता, शिक्षण हमी कार्ड भरून तयार ठेवावे. त्यात मुलाचा वर्ग व शाळेने दिलेला क्रमांक यांबरोबर ते कोणत्या पाठापर्यंत आले आहे, काय वाचते, कोणत्या क्रिया करते आणि घरी कोणती भाषा बोलते, हे चार ओळींत स्वच्छ अक्षरात लिहावे, म्हणजे पुढील शिक्षकास मुलास पुन्हा पहिलीच्या बाकावर बसविण्याचे कारण उरणार नाही. कार्ड मुलाच्या आईच्या हाती, समजावून सांगून द्यावे. मुकादमाच्या हाती देऊ नये.